एकतीस नंबरची विहीर

शालन गेली त्या सकाळी मी विहिरीत टेप सोडून उभा होतो.

रविवार होता. पहाटे जमीन हलली होती. आमच्याकडं त्याचं कुणाला नवल नाही. धरण झाल्यापासून वर्षातून चार-दोनदा भांडी वाजतात, पत्रे थडथडतात, आणि माणसं कूस बदलून पुन्हा झोपतात. शालन तीन दिवसांपासून कराडच्या दवाखान्यात होती. मी तिची धुतलेली लुगडी न्यायला रात्रीपुरता घरी आलो होतो. निघताना तिनं एवढंच सांगितलं होतं, "उद्या रविवार हाय. माप चुकवू नका."

म्हणून मी मापत होतो. टेपच्या टोकाला माझा जुना ओळंबा बांधलेला असायचा. तो पाण्याला टेकला की पाण्यावर गोल उठतो. त्या वेळी कठड्याच्या काठावर टेपचा जो आकडा येईल तो वहीत लिहायचा. चार मीटर अकरा आलं. वही कठड्यावर ठेवली, पेन झटकलं आणि लिहिलं. त्या वहीतला माझ्या हातचा तो पहिला आकडा. पेन खिशाला लावतोय तोच फोन वाजला. आमच्या लेकीचा, संगीताचा.

"आण्णा," ती म्हणाली आणि थांबली.

मी म्हणालो, "निघालोच. साडेआठची गाडी धरतो."

"सावकाश या, आण्णा," ती म्हणाली. "आता घाई न्हाई."

मी टेप गुंडाळला, ओळंबा पुसला, वही खुंटीवरच्या पिशवीत ठेवली, आणि मग गाडीला गेलो.

मी निवृत्ती पवार, गवंडी. शाळा तिसरीपर्यंत. शालन सातवी पास होती आणि गावात बालवाडी चालवायची. नव्व्याण्णव साली पुण्याच्या एका संस्थेची दोन माणसं आली. धरणाच्या आजूबाजूच्या गावांतून अठ्ठावन्न विहिरी त्यांनी निवडल्या होत्या. जमीन हलते तेव्हा खालच्या पाण्याचं काय होतं, ते त्यांना बघायचं होतं. आमच्या परड्यातली विहीर एकतीस नंबरची. त्यांनी शालनला टेप दिला, वही दिली, आणि विहिरीच्या दगडावर आतल्या अंगाला लाल रंगाचा बाण काढून दिला, त्याच्या टोकापासून मापायला. दर रविवारी सकाळी माप घ्यायचं आणि महिन्याच्या शेवटी कार्ड पोस्टात टाकायचं. बऱ्याच गावांत लोकांनी वर्ष-दोन वर्षांत सोडून दिलं. शालननं पंधरा वर्षं एक रविवार चुकवला नाही. माझा थोरला भाऊ वारला, त्या दिवशी सुद्धा ती प्रेत उचलल्यावर परड्यात गेली आणि माप घेऊन आली. मला तेव्हा तिचा राग आला होता.

ती गेल्यानंतरच्या रविवारी मी टेप घेतला तर गल्लीपलीकडची गजराबाई कुंपणावरून ओरडली.

"अवो, सुतकात वहीला हात लावत्यात व्हय?"

"देवाची वही न्हाई ती. पाण्याची हाय."

"पाणी काय पळून चाललंय?"

मी माप घेतलं, लिहिलं, महिन्याच्या शेवटी कार्ड टाकलं. पुढं दोन वर्षं तसंच चाललं.

दोन वर्षांनी, माघ महिन्यात, पुण्याहून एक मुलगी आली. पाठीवर पिशवी, डोक्यावर टोपी, बुटांना आमच्या रस्त्याची लाल माती. मी तिला मॅडम म्हणालो.

"मॅडम नको हो काका. रेश्मा. रेश्मा तांबोळी. मी सांगलीचीच आहे, लांबची नाही."

मागच्या वर्षी संस्थेनं सगळ्यांच्या जुन्या वह्या मागवून घेतल्या होत्या. आमच्या अकरा वह्या तिनं परत आणल्या होत्या, खाकी कागदात बांधून. त्यातल्या पानापानाचे फोटो काढून तिनं ते आकडे कॉम्प्युटरमध्ये घातले होते. आकडे कॉम्प्युटर आपोआप वाचतो म्हणाली. जिथं त्याला वाचता येत नाही तिथं ती डोळ्यांनी बघते.

"काकूंच्या अक्षराला तो एकदाही अडला नाही," ती म्हणाली. "बाकीच्यांचे सात आणि एक बघून तो वेडा झाला. आमच्या सरांच्या अक्षराला तर त्यानं हातच टेकले."

मी चहा ठेवला. गजराबाई तेवढ्यात ताक द्यायच्या निमित्तानं आलीच. रेश्मानं ओसरीवर बसून मांडीवर तो कॉम्प्युटर उघडला.

"हे बघा काका. अठ्ठावन्न विहिरींची मापं यात आहेत. रोजचा पाऊस आहे, धरणातलं पाणी आहे, आणि जमीन कधी कधी हलली त्या सगळ्या वेळा आहेत. हे सगळं दाखवून दाखवून कॉम्प्युटरला शिकवलंय. आता मी एक विहीर झाकली तरी बाकीच्यांवरून तो सांगतो, अमक्या रविवारी त्या विहिरीत पाणी इतकं असणार."

"आन् बरुबर येतं?" गजराबाईनं विचारलं.

"चार बोटं इकडंतिकडं."

"मग मापायचं कशाला? त्यालाच इचारा की."

रेश्मा हसली. "मावशी, त्याला शिकवलं कुणी? काकूंसारख्या लोकांनीच ना."

मग तिनं मला एक रेघ दाखवली. कॉम्प्युटरचा अंदाज आणि शालनच्या वहीतला आकडा, यातला फरक म्हणजे ती रेघ. फरक नसला की रेघ सरळ. ती डावीकडून उजवीकडं सरळ चालली होती, मी दोरी धरून थर लावतो तशी. पंधरा वर्षं. आणि मग एका जागी पायरी उतरावी तशी खाली आली होती आणि तिथून पुढं खालीच सरळ गेली होती.

"इथं एका आठवड्यात पाणी सव्वीस सेंटीमीटर उतरलं," ती म्हणाली, "आणि परत वर आलं नाही. शेजारच्या एकाही विहिरीत असं नाही."

"कवाची गोष्ट?" मी विचारलं. विचारायची गरज नव्हती.

तिनं तारीख वाचली.

गजराबाईनं तोंडाला पदर लावला. "शालन गेली तो दिस. मी म्हणत हुते. तिच्या मागं पाणी गेलं."

रेश्मानं माझ्याकडं बघितलं. तिला ते ठाऊक नव्हतं. मग ती हळू म्हणाली, "त्याच पहाटे इथून सहा किलोमीटरवर भूकंप झाला होता, मावशी. लहान होता. पण खाली खडकात एखादी भेग उघडली असेल आणि या विहिरीचं पाणी तिकडं ओढलं गेलं असेल."

"आन् तो भूकंप कशानं झाला म्हणायचा?"

 याचं उत्तर मला नको होतं. मला ते दोन्ही ऐकून बरं वाटलं होतं. दोन वर्षांत कुणी काही बोललं आणि बरं वाटलं, असं झालं नव्हतं. शालन गेली तेव्हा गावात गाड्या वेळेवर आल्या, दूधवाला आला, सगळं जिथल्या तिथं होतं. आणि इथं ही मुलगी सांगत होती की त्या सकाळी खाली काहीतरी हललं होतं आणि ते अजून जागेवर आलेलं नाही.

"मी यावर पेपर लिहितेय," रेश्मा म्हणाली. "पुढच्या महिन्यात हैदराबादला मोठी परिषद आहे. सोमवारी पाठवायचा आहे. त्यात काकूंचं नाव घालणार. निरीक्षक, शालन निवृत्ती पवार. सर म्हणाले, या विहिरीला आता काकूंच्याच नावानं ओळखू. नंबर नको."

"पेपरात नाव येणार?" गजराबाई म्हणाली. "फोटू बी?"

"फोटो नसतो मावशी त्यात."

"मग कसला पेपर!"

रेश्मानं पिशवीतून एक छापील कागद काढला. "फक्त खात्री करायला आलेय. त्या महिन्यात विहिरीत काही काम केलं होतं का? गाळ काढला? मोटर बदलली?"

"काय सुदिक न्हाई," मी म्हणालो. ते खरं होतं. त्या महिन्यात मी दवाखाना आणि घर एवढंच केलं.

आम्ही विहिरीवर गेलो. ती कठड्याभोवती फिरली, वाकून आत बघितलं. "इथं लाल बाण असायला हवा. जुन्या फोटोत आहे."

"तो खालच्या दगडावर हाय. त्यावर मी इटांचे थर चढवले. गिलाव्याखाली गेला."

ती एकदम सरळ झाली. "कधी?"

"दोन हजार नऊ. चैत्रात. संगीताच्या दुसऱ्या बाळंतपणाला."

तिनं पिशवीवरच कॉम्प्युटर टेकवला, रेघ मागं नेली. दोन हजार नऊ. रेघ सरळ होती. तिनं श्वास सोडला. "नाही, तिथं काही नाही. म्हणजे काकू खालच्या दगडापासूनच मापत असणार. किती वाढवला होता कठडा?"

गवंडी स्वतः लावलेले थर विसरत नाही. मला गावातल्या प्रत्येक भिंतीचे थर सांगता येतात.

"ध्यानात न्हाई," मी म्हणालो.

तिनं कागदावर काहीतरी लिहिलं आणि ओढ्याकडच्या अंगाला फोटो काढायला गेली. एक वाजता तिची जीप येणार होती. मी ओसरीवर येऊन बसलो.

कठड्याचं असं झालं होतं. आधी तो गुडघ्याएवढा होता, नुसता दगडी. शालनला रक्तदाब होता. एका रविवारी माप घेताना तिला भोवळ आली आणि ती कठड्यावरच बसली. नशीब, बाहेरच्या अंगाला बसली. त्यानंतर सोमवारी ती संगीताकडं कराडला गेली, पाचवी करून शनिवारी परत येणार होती. रविवार चुकवायचा नव्हता ना. तेवढ्या दिवसांत मी तीन थर चढवले, गिलावा केला, कडा गोल करून घोटून घेतल्या. एवढं मन लावून मी साहेबाच्या बंगल्याचंही काम केलं नव्हतं. ती आली, तिनं पिशवी खाली ठेवली, कठड्यावरून हात फिरवला. आत वाकून बघितलं. बराच वेळ बघत होती.

"कसा झालाय?" मी विचारलं.

"ब्येस झालाय," ती म्हणाली. "किती थर?"

"तीन."

"म्हंजी किती भरलं?"

"बिल करतीस काय माझं?"

ती हसली. संध्याकाळी मी परड्यात आलो तर ती टेप लावून कठडा मापत होती. मला वाटलं, बायकोला आपलं काम आवडलं.

आणि ती माप कुठून घ्यायची ते मी साडेपाच वर्षं दर रविवारी डोळ्यांनी बघितलं होतं. वरून. माझ्या घोटलेल्या कडेवरून. खालच्या दगडावरून मापायला तिला निम्मं आत लोंबावं लागलं असतं.

मी खाकी कागद सोडला आणि शेवटची वही काढली. गणपतीपासून शालन अंथरुणाला होती. तिची खाट ओसरीवर होती. मी विहिरीवरून आकडा ओरडायचो आणि ती खाटेवर लिहायची. वही मला द्यायची नाही. ओरडल्यावर ती क्षणभर थांबायची आणि मग लिहायची. मला वाटायचं, दुखण्यानं हात जड झालाय.

त्यातला एक आकडा माझ्या लक्षात होता. दसऱ्याच्या आठवड्यातला रविवार. टेपवर बरोबर साडेतीन मीटर आलं होतं, आणि मी ओरडलो होतो, "साडेतीन! शालन, मुहूर्त लागला बघ! लिही, साडेतीन!" ती खाटेवरून म्हणाली होती, "मुहूर्त लागला तर मला उठवा आता." आणि हसता हसता तिला खोकला आला होता.

मी ते पान काढलं. दसऱ्याचा रविवार. तिच्या वाकड्या झालेल्या अक्षरात तीन मीटर चोवीस लिहिलं होतं.

मी तिसरी शिकलोय, पण एवढी वजाबाकी मला येते.

वही मांडीवर घेऊन मी बसलो. रेश्मा ओढ्याजवळ उन्हात उभी होती. काही बोललो नसतो तर जीप आली असती आणि ती गेली असती. हैदराबादच्या लोकांनी शालनचं नाव वाचलं असतं. गजराबाईनं चार गावांत सांगितलं असतं. खोटं काही मी लिहून दिलं नव्हतं. नुसतं आठवत नाही म्हणालो होतो.

मी आत गेलो, छिन्नी-हातोडी घेतली आणि विहिरीवर आलो. आतल्या अंगाला वाकून गिलावा फोडायला लागलो. आवाज ऐकून रेश्मा पळत आली.

"काका, काय करताय?"

"थांब जरा, पोरी. डोळ्यांत खडी जाईल."

माझा गिलावा सहजी सुटत नाही. पाव तास लागला. मग दगड उघडा पडला आणि त्यावर लाल बाण दिसला, जसा काढला होता तसाच. मी खिशातला टेप काढून तिच्या हातात दिला. "वरल्या कडेपासून बाणाच्या टोकापर्यंत मापा."

तिनं मापलं. पुन्हा मापलं. मग टेप तसाच धरून ती माझ्याकडं बघत राहिली.

"सव्वीस," ती म्हणाली.

"व्हय."

"सकाळी विचारलं तेव्हा आठवत नव्हतं?"

"आठवत हुतं."

"मग?"

"तिचं नाव यायचं हुतं."

ती कठड्याला टेकली. "पण काका, जमत नाही हे. कठडा नऊ साली वाढला. काकू वरून मापत असत्या तर रेघ नऊ सालीच उतरायला हवी होती. चौदा साली कशी उतरली?"

मी तिला वही दाखवली. दसऱ्याचा रविवार सांगितला. मी काय ओरडलो आणि तिनं काय लिहिलं ते सांगितलं. शालन गेली त्या सकाळपासून आकडे माझ्या हातचे आहेत आणि मी टेपवर येईल ते लिहितो, तेही सांगितलं.  रेश्मानं कॉम्प्युटर उघडला आणि माझ्या दोन वर्षांच्या प्रत्येक आकड्यातून सव्वीस वजा केले. पायरी गेली. रेघ डावीकडून उजवीकडं सरळ झाली.

"पाणी कुठंच गेलं नव्हतं," ती म्हणाली.

"न्हाई."

"तीनशेच्या आसपास रविवार होतात हे. प्रत्येक वेळी मनात सव्वीस वजा करायचे." ती रेघेवरून बोट नेत होती. "एकदा तरी विसरल्या असत्या तर इथं टोक दिसलं असतं. एकही नाही. पण त्यांनी एक कार्ड टाकून कळवलं का नाही? आम्ही नवी खूण काढून दिली असती."

"तुमच्या सायबानं सांगितलं हुतं, खूण हलली तर इहीर बाद."

"बरं, आम्हाला नाही सांगितलं. तुम्हाला का नाही सांगितलं?"

मी तिला कठडा कसा बांधला ते सांगितलं. पाचवी, तीन थर, घोटलेली कड. भोवळीचं सांगितलं. शालननं सांगितलं असतं, तर मी ते थर दुसऱ्याच दिवशी उतरवले असते. रेश्मानं कडेवरून एकदा हात फिरवला, शालननं फिरवला होता तसा.

जीप आली. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मी म्हणालो, "तुझं नुकसान झालं, पोरी."

"झालंच," ती म्हणाली. "सर ओरडतील. सोमवारी काय पाठवू आता?" मग नाक ओढून हसली. "हैदराबादला जाऊन तोंडघशी पडले असते, ते वाचलं. आणि कॉम्प्युटरनं पकडलं तर बरोबर होतं काका. त्या आठवड्यात इथं बदल झालाच होता. तो कसला, ते त्याला सांगता आलं नाही, आणि मला पण."

गजराबाई कुंपणापाशी होती. "काय झालं? पाणी सापडलं का?"

"गेलंच नव्हतं, मावशी."

"मग काय एवढी तोडफोड केली?"

रेश्मानं तो छापील कागद मला दिला. खूण बदलली तर भरून द्यायचा तो कागद. तारीख, किती बदल, कुणी केला, आणि शेवटी एक मोठा रकाना. मापणाऱ्यानं आकडे स्वतः दुरुस्त केले असतील आणि कळवलं नसेल, तर त्याचं कारण. "हे माझ्या हातानं नको," ती म्हणाली. "तुमच्या शब्दांत लिहा आणि पोस्टानं पाठवा. तोवर आकड्यांपुढं मी तात्पुरती खूण करून ठेवते."

याला आता आठ वर्षं झाली. ती पायरी हैदराबादला गेली नाही. रेश्मा सध्या दुसऱ्या संस्थेत आहे आणि दिवाळीला फोन करते. आधी कागदाचं विचारायची, आता विचारत नाही. मी दर रविवारी मापतो, सव्वीस वजा करतो आणि दोन्ही आकडे लिहितो. फोडलेला गिलावा परत केला नाही, बाण उघडा ठेवलाय.

कागदावर मी विहिरीचा नंबर लिहिला, तारीख लिहिली. बदल सव्वीस सेंटीमीटर. बदल करणाऱ्याचं नाव निवृत्ती पवार. कारणाचा रकाना अजून भरलेला नाही.